खुर्द्याची गणती

पाचवी-सहावीतल्या मुलाला दुसऱ्या महायुद्धाबद्दल सांगावं का, हा प्रश्न पालकांच्या किंवा शिक्षकांच्या बैठकीत निघाला की घटकाभरात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, एवढ्या कोवळ्या वयात छळछावण्या आणि अणुबाँब कशाला, पुढे सगळं आयुष्य पडलंय. दुसरा म्हणतो, मुलं काही मेणाची नाहीत, त्यांना पराक्रम कळला पाहिजे, रणांगण कळलं पाहिजे. मग आवाज चढतात आणि चर्चा एकाच मापात अडकते: रक्त किती दाखवायचं? पहिल्यांना चमचाभरही नको असतं, दुसऱ्यांना वाटीभर चालतं. हे मापच चुकलेलं आहे. दहा वर्षांच्या मुलाला महायुद्ध जरूर सांगावं. मात्र सुरुवात कुठून करायची, ते कोणाच्या डोळ्यांनी दाखवायचं आणि कुठली गोष्ट कुठल्या वयापर्यंत राखून ठेवायची, हे आधी ठरवायला हवं. सुरुवात सेनापतीपासून किंवा हुकूमशहापासून झाली की पुढचं सगळं त्यांच्या सावलीत जातं. ती भातापासून, गोदीपासून, घर सुटलेल्या माणसांपासून व्हावी. हिटलर नंतर येऊ दे.

मराठी घरांत मुलांना युद्ध सांगणं काही नवीन नाही. पानिपत आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो आहोत, आणि तो विजयाचा इतिहास नाही. ‘संक्रांत कोसळली’, ‘पानिपत झालं’ हे शब्द मूल इतिहासाचं पुस्तक उघडण्याआधीच शिकतं. १४ जानेवारी १७६१ नंतर दक्षिणेकडे निघालेला तो सांकेतिक निरोप सगळ्यांना ठाऊक आहे: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती कोण, हे आपण मुलांना विचारतो. विश्वासराव आणि भाऊसाहेब, असं उत्तर आलं की पाठ संपतो. खुर्दा कोण, हे विचारत नाही. छावणीत लढणाऱ्यांखेरीज बायकापोरं होती, यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते. अडीच महिने छावणी अडकून पडली, रसद तुटली, धान्य संपलं आणि उपासमारीने मरण्यापेक्षा लढून मरू म्हणत सैन्य बाहेर पडलं. आठ वर्षांच्या मुलाला भाला कुठे लागला हे सांगण्यापेक्षा धान्य कसं संपलं हे सांगितलं तर युद्ध जास्त कळतं, कारण भूक त्याला माहीत असते. दुसऱ्या महायुद्धाला हीच पट्टी लावायची, एवढंच म्हणणं आहे. ज्यांची गणतीच झाली नाही, त्यांच्यापासून सुरू करायचं.

आता पहिल्या तटाचं म्हणणं. ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. भयानक चित्रं लहान मुलाच्या मनात घर करतात, आणि त्या चित्रांमागची कारणं समजण्याचं वय मात्र अजून आलेलं नसतं. मग भीती उरते, समज उरत नाही. ज्या समाजांनी हे युद्ध अंगावर झेललं त्यांनाही हा प्रश्न सुटायला अनेक दशकं लागली. हिरोशिमाच्या शांतता संग्रहालयात वर्षानुवर्षं पुतळे उभे होते, अंगावरची कातडी लोंबत असलेली, पडक्या शहरातून चालणारी माणसं. शाळेच्या सहलींतली मुलं ते बघून घाबरत. हे पुतळे काढायचं ठरलं तेव्हा विरोध झाला. भीती वाटलीच पाहिजे, असं लोक म्हणाले. तरी २०१७ मध्ये ते काढले गेले आणि त्या दालनाचा भर मेलेल्यांच्या खऱ्या वस्तूंवर आला. दुसऱ्या बाजूला मात्सुए या जपानी शहरात शिक्षण मंडळाने अणुबाँबवरची एक गाजलेली चित्रकथा शाळेच्या ग्रंथालयांत कपाटाआड ठेवायला लावली, आणि देशभर टीका झाल्यावर २०१३ मध्ये हा आदेश मागे घ्यावा लागला. एकाच देशाने दोन वेगळी उत्तरं दिली, आणि दोन्ही बरोबर होती. पुतळा भीती दाखवून थांबतो. चित्रकथेत मात्र एका मुलाचा दिवस असतो, त्याचं घर असतं, त्यामुळे भीतीला आगापिछा मिळतो.

त्या संग्रहालयातल्या वस्तूंमध्ये एक जेवणाचा डबा आहे. माध्यमिक शाळेत नुकत्याच गेलेल्या तेरा वर्षांच्या मुलाचा. आगीच्या वेळी घरं पेटत जाऊ नयेत म्हणून मधली घरं पाडून मोकळे पट्टे करण्याच्या कामावर शाळकरी मुलांना लावलं होतं, त्या कामावर तो त्या सकाळी गेला होता. डबा चेपलेला आहे, आतला भात आणि भाजी जळून कोळसा झालेली आहे. तो उघडायची वेळ झालीच नाही, बाँब सव्वाआठला पडला. आईला मुलाचं प्रेत सापडलं तेव्हा डबा त्याच्या अंगाखाली होता. यात रक्ताचा थेंब दिसत नाही. तरी दहा वर्षांचं मूल त्या डब्यापुढे थांबतं, आणि विचारतं ते नेमकं विचारतं: तो शाळेत जायचा सोडून घरं का पाडत होता? या प्रश्नाला उत्तर देताना युद्धात अडकलेला सगळा समाज उलगडतो.

तेव्हा वयाचं गणित मांडता येतं आणि ते मांडायलाच हवं. आठ ते दहा वर्षं: माणूस एक, वस्तू एक, गाव एक. घर सोडावं लागणं, धान्य न मिळणं, काळोखात बसणं, वडील परत न येणं. मृत्यू सांगायचा, पण तो कसा आला याचं वर्णन करायचं नाही. अकरा ते तेरा: नकाशा, कारणं, निर्णय. छळछावण्या होत्या, ज्यूंना ठरवून मारलं, हे स्पष्ट शब्दांत सांगायचं. प्रेतांच्या राशींची छायाचित्रं नाहीत. चौदाच्या पुढे कागदपत्रं, साक्षी, छायाचित्रं. आउशवित्स छळछावणीचं संग्रहालयसुद्धा चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नका असं सुचवतं. ज्यूंच्या संहाराची स्मृती जपणाऱ्या जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेतल्या शिक्षणतज्ज्ञांनी एक साधा दंडक ठेवला आहे: मुलाला त्या इतिहासात सुखरूप न्यायचं आणि सुखरूप बाहेर आणायचं. म्हणजे गोष्ट युद्धाआधीच्या घरापासून सुरू होते, शाळा, सण, भांडणं, आणि युद्धानंतर जगलेल्या आयुष्यापाशी थांबते. पाठ गॅसच्या खोलीपाशी संपवायचा नाही. आपल्याकडे बहुतेक वेळा नेमकं उलटं होतं. तासाची घंटा होता होता एक मोठा आकडा आणि एक भयानक छायाचित्र, आणि मुलं मधल्या सुट्टीत बाहेर.

आणखी एक चूक हौशी शिक्षकांकडून होते, तीही चांगल्या हेतूने. अर्ध्या वर्गाला ज्यू करायचं, अर्ध्याला सैनिक, हातावर पट्ट्या बांधायच्या, म्हणजे मुलांना ‘अनुभव’ येईल. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाच्या शिक्षकांसाठीच्या सूचना असल्या खेळांपासून दूर राहायला सांगतात, आणि कारण अगदी व्यवहारातलं आहे. मुलांना खेळ लक्षात राहतो, इतिहास राहत नाही. शिवाय कोणी रडतं, कोणी सैनिकाच्या भूमिकेत रंगून जातं, आणि तासाभराच्या नाटकानंतर ‘आम्हाला कळलं त्यांना काय वाटलं असेल’ असा खोटा विश्वास तयार होतो. तो अज्ञानापेक्षा घातक. त्याऐवजी एक पत्र वाचायला द्या आणि विचारा: हे लिहिणाऱ्याला काय माहीत होतं, काय माहीत नव्हतं? तेवढं पुरतं.

दुसऱ्या तटाचा मुद्दाही खरा आहे. शौर्याशिवाय मूल युद्धाचं पान उलटत नाही. आणि खोटं शौर्य शोधायला लांब जायची गरज नाही, खरं आपल्या शेजारी आहे. नाईक यशवंत घाडगे, रायगडच्या माणगाव भागातला बावीस वर्षांचा तरुण, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये. १० जुलै १९४४, इटली, टायबर नदीचं वरचं खोरं. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्याच्या तुकडीतले त्याच्याशिवाय सगळे मेले किंवा जखमी झाले. तो एकटा धावला, हातबाँब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. गोळ्यांची मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून तिचाच घाव घालत उरलेल्या दोघांना मारलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्याला टिपलं. त्याचं शव मिळालं नाही. नाव कासिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसरा नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातला, पहिल्या बटालियनमध्ये निरोप पोचवणारा शिपाई. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर त्याने दोन जखमींना एकामागून एक खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे आणलं, आणि मग परत जाऊन तीन मशीनगन ठाणी बंद पाडली. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस, तो मात्र जिवंत परतला.

हे सांगायचंच. पण सांगून थांबलो तर फसलो. कारण हुशार मुलगी लगेच विचारणार: तो इटलीत काय करत होता? आपण तर गुलाम होतो ना? इथे बहुतेक पुस्तकं गडबडतात, कारण शौर्याच्या गोष्टीत या प्रश्नाला जागा नसते. खरं तर धडा इथे सुरू होतो. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोने भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं, इथल्या एकाही निवडून आलेल्या नेत्याला न विचारता. मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळासह काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली. तरी सुमारे दोन लाखांचं सैन्य १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेलं, आणि ते सक्तीच्या भरतीने नव्हे. पगार, घराणं, दुष्काळी जमीन, रेजिमेंटचा मान, प्रत्येकाचं कारण वेगळं. त्याच वेळी सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले, ब्रिटिशांच्याच सैन्यातले अधिकारी, सिंगापूर पडल्यावर आझाद हिंद सेनेत गेले आणि तिचे चीफ ऑफ स्टाफ झाले. आणि साताऱ्यात, जिथून पिढ्यान् पिढ्या पोरं पलटणीत जात होती, तिथे १९४३ पासून नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. एकाच मुलखातली माणसं, एकाच वर्षी, तीन बाजूंना. यातलं देशप्रेम कोणाचं? बारा वर्षांच्या वर्गाला हा प्रश्न टाकून गप्प बसावं. उत्तर शिक्षकाने देऊ नये, मुलं वाद घालतील आणि घालू द्यावा. शौर्य अशाने कमी होत नाही. घाडगे धावला तो धावलाच. त्याच्या धावण्याभोवतीचं जग मुलांना दिसू लागतं, एवढंच.

‘हे आपलं युद्ध नव्हे, आपला इतिहास आधी शिकवा’, असाही एक सूर असतो. त्याच्या मागची कळकळ समजते; महाराष्ट्रातल्या मुलांना आपल्याच तालुक्याचा इतिहास ठाऊक नसतो हे खरंच आहे. मग तालुक्यातूनच सुरू करा. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांची शाळा होती, चर्च होतं, दुकानं होती. वळिवड्याला ती आली कशी? १९३९ च्या ऑगस्टमध्ये जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांनी करार केला. १ सप्टेंबरला जर्मनी पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसला, १७ सप्टेंबरला रशिया पूर्वेकडून. रशियाच्या ताब्यातल्या भागातून लाखो लोकांना मालगाड्यांत भरून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं. १९४१ च्या जूनमध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा पोलंडच्या निर्वासित सरकारशी रशियाचा समझोता झाला आणि यातले काहीजण सुटले. इराणमार्गे ते हिंदुस्थानात पोचले, काही मुलं जामनगरजवळ बालाचडीला, बाकी बरेच वळिवड्याला. कोल्हापूरच्या मुलाला जगाचा नकाशा देऊन ही वाट पेन्सिलीने काढायला सांगा. काढता काढता त्याला एक अडचण येईल: या लोकांचं घर हिटलरने हिरावलं, की हिटलरविरुद्ध लढणाऱ्या स्टालिनने? युद्धाच्या पुस्तकांतली चांगले-वाईट अशी दोन खणांची पेटी तिथेच उघडी पडते, आणि तीही कोल्हापुराहून हाकेच्या अंतरावर.

दुसरी वाट भाताची. घरातलं रेशनकार्ड मुलाच्या हातात द्या आणि विचारा, हे कुठून आलं? ८ मार्च १९४२ ला रंगून पडलं. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला, आणि लाखो हिंदी माणसं जंगलातून, डोंगरातून चालत मायदेशी निघाली. जपानी सैन्य येईल म्हणून बंगालच्या किनाऱ्यावर सरकारने जास्तीचा तांदूळ उचलला, हजारो होड्या जप्त किंवा निकामी केल्या. त्यामुळे मासे धरणं थांबलं, धान्याची ने-आण थांबली. ऑक्टोबरमध्ये मेदिनीपुरात चक्रीवादळ आलं. युद्धखर्चासाठी नोटा छापल्या गेल्या, भाव चढले, ज्यांच्याकडे साठा होता त्यांनी तो दाबला, आणि एका प्रांताने दुसऱ्या प्रांताला धान्य जाऊ दिलं नाही. १९४३ मध्ये मुंबई शहरात धान्याचं रेशनिंग आलं. बंगालमध्ये माणसं रस्त्यावर मेली. सरकारी चौकशी आयोगाने पंधरा लाख हा आकडा दिला, आज साधारण तीस लाख मानतात. या दोन आकड्यांमधल्या फरकातच पंधरा लाख माणसं आहेत. खुर्दा म्हणतात तो हा. गोळी न चालता इतकी माणसं मेली, आणि युद्धाच्या पुस्तकात त्यांना एक ओळसुद्धा मिळत नाही. मग हे युद्ध आपलं नव्हतं असं म्हणायचं कुठल्या तोंडाने?

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र यापुढचा आहे आणि तो जाणकारच घेतात. ते म्हणतात, तुम्ही मुलांना चर्चिलच्या सरकारचा दुष्काळ सांगणार, स्टालिनच्या मालगाड्या सांगणार, हिरोशिमा सांगणार. मग मूल एवढंच शिकेल की सगळे सारखे, आणि हिटलर त्यातलाच एक. ही भीती पोकळ नाही. आपल्याकडे फुटपाथवरच्या पुस्तकांच्या ढिगात हिटलरची चरित्रं हमखास असतात आणि ती ‘शून्यातून वर आलेल्या नेत्या’ची गोष्ट म्हणून विकली जातात. इंग्रजांचा शत्रू तो आपला मित्र, हे जुनं गणित त्यामागे आहेच. पण याचा उगम जास्त सांगण्यात नाही, कमी सांगण्यात आहे. चरित्राचा साचाच असा की वाचणारा नायकाच्या खांद्यावर बसून चालतो. त्याची गरिबी आपली वाटते, त्याचा संताप आपला वाटतो, आणि १९३३ येईपर्यंत आपण त्याच्या विजयाची वाट पाहू लागतो. तेराव्या वर्षी हाती आलेलं असं एक पुस्तक पुढच्या दहा धड्यांना पुरून उरतं. म्हणून तर क्रम महत्त्वाचा.

१९३३ बाहेरून सांगता येतं. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझी पक्षाची मतं घटून तेहतीस टक्क्यांवर आली होती. तरी ३० जानेवारीला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने हिटलरला चान्सेलर नेमलं, कारण भोवतालच्या जुन्या पुढाऱ्यांना वाटत होतं, याला आपण मुठीत ठेवू. महिनाभरात संसदेची इमारत जळाली, त्या निमित्ताने नागरिकांचे हक्क गोठवले गेले. २३ मार्चला सगळी सत्ता सरकारच्या हाती देणारा कायदा आला तेव्हा कम्युनिस्ट सभासदांना सभागृहात येऊच दिलं नव्हतं. बाजूने ४४४, विरुद्ध ९४ मतं पडली, आणि ती सगळी ९४ समाजवादी लोकशाही पक्षाची. पंधरा वर्षांच्या मुलांना या ९४ जणांबद्दल सांगा, आणि त्या ४४४ मध्ये नाझी नसलेले किती असतील याचा हिशेब करायला लावा. हिटलरच्या भाषणकलेवर खर्च होणारा तास इथे जास्त सत्कारणी लागतो. आणि हिंदुस्थानचा मित्र? त्याने स्वतःच्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की हिंदुस्थान दुसऱ्या कोणाच्या हाती जाण्यापेक्षा इंग्रजांच्या हाती असलेला जर्मन म्हणून आपल्याला परवडेल. १९४२ मध्ये त्याला भेटलेल्या सुभाषबाबूंनाही हिंदुस्थानबद्दलचं त्याचं हे लिखाण खुपत होतं.

राहिला ‘सगळे सारखे’ हा निष्कर्ष. तो टाळण्यासाठी बंगाल लपवायची गरज नाही. प्रत्येक प्रसंगाला तेच प्रश्न विचारायची सवय लावावी लागते: निर्णय कोणाचा होता, त्याला काय माहीत होतं, आणि त्याला काय घडवून आणायचं होतं. बंगालमध्ये सरकारने सैन्याला आधी आणि माणसांना नंतर ठेवलं, इशारे कानाआड केले. लाखो मेले, आणि तो गुन्हाच. पण बंगाली माणूस जगात उरूच नये असा बेत कोणी आखला नव्हता. ज्यूंच्या बाबतीत मारणं हेच उद्दिष्ट होतं; त्यासाठी याद्या केल्या, रेल्वेची वेळापत्रकं लावली, २० जानेवारी १९४२ ला वान्झे इथे अधिकाऱ्यांनी टेबलाभोवती बसून खात्याखात्यांची कामं वाटून घेतली, आणि साठ लाख माणसं मारली. हा फरक चौदा वर्षांच्या मुलाला कळतो. वर्गातल्या ढकलाढकलीत कोणी पडलं आणि ठरवून कोणाला पाडलं यातला फरक तर त्याला सहाव्या वर्षापासून कळतो. दुःखांची चढाओढ लावायची नाही, तोलायचं ते फक्त निर्णय.

थोडं साधनांबद्दल, कारण बोलणं बरंच झालं. साठ लाख, तीस लाख असल्या आकड्यांचा मुलांवर परिणाम होत नाही, आणि तांदळाचे दाणे मोजून तो आकडा ‘दाखवण्याचे’ प्रयोग करू नयेत. माणसाचा दाणा होतो. एका माणसापासून वर चढायचं, आकडा शेवटी. काळ मात्र हाताने मोजता येतो. जाड सुतळी घ्या आणि एका दिवसाला एक मिलिमीटर धरा. १ सप्टेंबर १९३९ ते २ सप्टेंबर १९४५ हे युद्ध २१९ सेंटिमीटर भरतं, वर्गाच्या फळ्याखाली सहज मावतं. रशियावरचा हल्ला ६६ सेंटिमीटरवर येतो, पर्ल हार्बर ८३ वर, रंगून पडलं ते ९२ वर, दोस्त सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलं ते १७४ वर, हिरोशिमा जवळजवळ टोकाला, २१६ च्या पुढे. प्रत्येक जागी गाठ मारायची आणि चिठ्ठी लावायची. मग चीनची गाठ मारायला सांगा: ७ जुलै १९३७, जपानशी युद्ध पेटलं तो दिवस. सुतळी डावीकडे पुरत नाही, आणखी ७९ सेंटिमीटर जोडावी लागते. चिनी मुलाचं युद्ध आपल्या पुस्तकातल्या युद्धाच्या आधीच सुरू झालेलं असतं, हे त्या जोडलेल्या तुकड्याइतकं स्पष्ट कुठलंही वाक्य सांगत नाही. सुतळी ताणलेली ठेवा, सैल पडली की मापं चुकतात. चिठ्ठ्यांवर राजकारण्यांची नावं लिहू नका, जागा आणि तारीख पुरे.

१६९ सेंटिमीटरवर एक गाठ मुंबईची. माझ्या मते मराठी मुलांचा महायुद्धाचा पहिला धडा तिथून सुरू व्हावा, कारण त्यात शत्रू कुठेच नाही आणि युद्ध सगळीकडे आहे. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदी, ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज. आत सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा, सोन्याच्या विटा. वाटेत कराचीला भरलेल्या कापसाच्या सुमारे ८,७०० गासड्या, लाकूड, तेल, गंधक, मासळीचं खत. एका कप्प्यात तर कापूस आणि स्फोटकं खालीवर. शांततेच्या काळात असलं जहाज गोदीत घेतच नसत, बाहेरच पडावांत माल उतरवत. युद्धाची घाई म्हणून तो नियम बाजूला ठेवला होता. स्फोटकं असल्याचा लाल बावटा लावलेला नव्हता. जहाज १२ तारखेला धक्क्याला लागलं, पण स्फोटकं आधी उतरवली गेली नाहीत. शेजारच्या जहाजांवरून काहींना दुपारी धूर दिसला, त्यांनी तो मनावर घेतला नाही. दोनच्या सुमाराला बंब आले. आग नेमकी कुठे आहे ते सापडेना, म्हणून वरून शेकडो टन पाणी ओतलं. इंजिनाची दुरुस्ती चालू असल्यामुळे जहाजाला स्वतःहून बाहेर पडता येत नव्हतं. ते तिथेच बुडवावं की ओढून न्यावं, यावर अधिकाऱ्यांचं एकमत झालं नाही आणि स्पष्ट हुकूम कोणीच दिला नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. सेन्सॉरमुळे इथल्या वर्तमानपत्रांना ती बातमी कित्येक दिवस छापता आली नाही. जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने ती आधी सांगितली.

मुलांना ही साखळी फळ्यावर लिहून द्या आणि कुठली कडी तोडता आली असती ते विचारा. कोणी बावटा म्हणेल, कोणी कापूस, कोणी धूर पाहून गप्प बसलेला खलाशी. मग शेवटी मेलेल्यांची यादी. बंबावरचे ६६ जण गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिवस म्हणून पाळला जातो. सोन्याच्या विटांची नोंद वजनासकट होती. गोदीतला गाळ उपसताना त्या पुढे कित्येक वर्षं सापडत होत्या आणि सरकारजमा होत होत्या. गोदीतले हमाल, पाठीमागच्या चाळींतली माणसं, रस्त्याने जाणारे मिळून एकंदर किती मेले, ते कुठे ८०० लिहिलेलं आढळतं, कुठे १,३००.